येसूचा धोंडा

टेकाच्या उतारावर तो मागे कललेला काळा धोंडा दिसतो ना, त्याला आम्ही येसूचा धोंडा म्हणतो. त्याला शेंदूर नाही, नारळही फुटत नाही. तरी पाय लावून कुणी जात नाही. तुम्हीही जरा बाजूनं या.

येसू ही आमच्या पळशेवाडीच्या लोहाराची सून. पहिलटकरीण. मुलगी झाली, धडधाकट झाली, पण अंगावर ओढेना. तोंडात घ्यायची, निसटायची आणि लालबुंद होऊन किंचाळायची. दुसऱ्या दिवशी येसूची छाती दगडासारखी टणक झाली, बोंडांना चिरा पडल्या. पोर जवळ आणली की येसू दात आवळून भिंतीकडे बघायची, असं सांगतात.

घरात बायकांची रीघ लागली. एकीनं मेथी खायला सांगितलं, दुसरीनं मेथीनंच घात केला म्हणून ताट उचललं. कुणी दृष्ट काढली. एका शहाणीनं तर वाटीत दूध काढून त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. झालं! दूधच विषारी ठरलं. सासू ठकूबाई वाईट नव्हती, घाबरली होती. ती म्हणाली, "बोळ्यानं गाईचं पाजू या. तुझ्या नशिबात नाही ते."

चौथ्या दिवशी, भर दुपारी, येसू उठली. पोरीला लुगड्यात गुंडाळलं. सुवेरात बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. बायका आडव्या आल्या, तर म्हणाली, "सरका. ही प्यायल्याबिगर मी ह्या घरात पाय ठेवायची नाही." आणि रडत, शिव्या देत टेकावर चढली.

वर धोंडाई नावाची धनगरीण मेंढरं घेऊन मुक्कामाला उतरली होती. एका पहिलारू मेंढीला कोकरू लावायची तिची खटपट चालली होती. येसू तिच्यावरच ओरडली, "मुक्या जनावराला जमतंय, मलाच का जमत नाही?"

"तिला तरी कुठं जमतंय? सकाळपास्नं लाथा खातेय मी," धोंडाई म्हणाली. "बस."

धोंडाईनं पाणी तापवलं, फडकं पिळून छाती शेकली. हातानं थोडं दूध काढून ताठा उतरवला. मग म्हणाली, "तू पोरीवर वाकतीस, म्हणून ती निसटती. मागं टेक. पोटाला पोट लाव. तिनं आ वासल्याशिवाय देऊ नको."

येसू धोंड्याला टेकली. काही जण म्हणतात, धोंडा आधी सरळ उभा होता, तेव्हाच मागे कलला. मी बघायला नव्हते.

पहिल्यांदा पोर निसटली. दुसऱ्यांदाही. पाचव्यांदा येसू म्हणाली, "बास. मरू दे मला." धोंडाईनं फक्त पोरीच्या ओठाला दुधाचं बोट लावलं. पोरीनं जांभईएवढं तोंड उघडलं, आणि येसूनं तिला जवळ ओढलं.

घुटुक. घुटुक. पोर गिळत होती. येसू ऐकत राहिली म्हणे, हलायचीसुद्धा भीती वाटत होती.

दिवस कलल्यावर ती खाली आली. दारात ठकूबाई उभी. विटाळाचं काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात पोर पुन्हा रडली. येसू तिथंच भिंतीला टेकून बसली आणि पाजू लागली. घोट ऐकून म्हातारीचा पदर डोळ्यांना गेला. दुखणं लगेच गेलं नाही हो. अजून आठ दिवस येसू कळवळत होती. पण पोर पीत होती.

पुढे येसू म्हातारी झाली. गावात कुणी बाळंत झालं की पहिली तीच पोचायची, आणि दारातून एकच गोष्ट विचारायची. तीच रीत पडली. इतर गावांत मुलगा का मुलगी, ते विचारतात. आमच्यात आजही उंबऱ्यावर उभं राहून आधी विचारायचं, "ओढतंय का गं?" आणि ती 'नाही' म्हणाली, तर औषध सांगायचं नाही. हात धुऊन आत जायचं आणि तिच्या पाठीमागं बसायचं.