केरोबा कासार आणि निळ्या पोपटाचा वाळा

कासारांची दहा घरं असलेल्या एका गावात केरोबा नावाचा कासार राहत होता. बायकांच्या हातात बांगड्या भरायच्या हा त्याचा धंदा, आणि नाही त्या गोष्टीत नाक खुपसायचं ही त्याची खोड. मुंगी उभ्या भिंतीवरून पडत का नाही? विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? असलं काहीतरी त्याच्या डोक्यात सारखं चालू. बांगडी भरता भरता तो समोरच्या बाईलाच विचारायचा. तिला काय माहीत? ती म्हणायची, आण्णा, आधी बांगडी भरा.

पण त्याचा सगळ्यात जास्त जीव अडकला होता तो परदेशी पोपटांत.

आठवडी बाजाराला हैबती नावाचा पाखरवाला यायचा. त्याच्याकडे समुद्रापलीकडचे बारके पोपट असायचे. आपला राघू केवढा आणि हे केवढे! मुठीत धरले तर नुसती शेपटी बाहेर राहील. कोणी पिवळा, कोणी हिरवा, कोणाचं तोंड शेंदरी. केरोबा पिंजऱ्यापुढं उकिडवा बसायचा तो उठायचाच नाही. चिमणीला पुढं तीन बोटं आणि मागं एक, मग यांना पुढं दोन आणि मागं दोन का? दाणा उचलायला हा डावाच पाय का पुढं करतो? हैबती वैतागायचा. घ्यायचं असेल तर घे, नाहीतर गिऱ्हाइकाला वाट दे, म्हणायचा.

घेणं सोपं नव्हतं. त्या मुलखाच्या राजाचा नियम होता. रानातला राघू धरायचा नाही, पिंजऱ्यात घालायचा नाही, विषय संपला. परदेशी पोपट पाळायला हरकत नव्हती, पण तो कोणा पाळणाऱ्याच्या घरी अंड्यातून निघालेला पाहिजे. जाळं टाकून धरलेला चालायचा नाही. कारण तशी धरलेली पाखरं टोपल्यांत कोंबून जहाजानं आणायचे, आणि दहातली आठ वाटेतच मरायची. उरलेल्या दोघांचं लोक कौतुक करायचे. राजाच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यानं नियम केला. राजा शहाणा होता. सगळे नसतात.

आता पाखरू घरी जन्मलेलं की जाळ्यातलं, हे ओळखायचं कसं? पाखरू काही सांगत नाही. त्याची खूण म्हणजे पायातला वाळा. पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतं तेव्हा त्याचा पाय मऊ असतो. तीन बोटं जुळवून पुढं ओढायची, त्यांवरून धातूचा बारीक, अखंड वाळा सरकवायचा, आणि चौथं बोट त्यातून अलगद सोडवायचं. पंधरवडा उलटला की पंजा मोठा होतो. मग तो वाळा जन्मात निघत नाही, आणि दुसरा चढत नाही. म्हणून ज्याच्या पायात बिनजोडाचा वाळा, ते पाखरू माणसाच्या घरी जन्मलेलं. ते चावडीवर दाखवायचं, मालकाचं नाव लावून घ्यायचं, आणि खुशाल पाळायचं.

लबाडांनी त्यातूनही वाट काढली. वाळा कापायचा, मोठ्या पाखराच्या पायात अडकवायचा, जोडाला वितळलेल्या धातूचा डाख द्यायचा आणि घासून गुळगुळीत करायचा. चावडीवरचे कारभारी विसाजीपंत म्हातारे, त्यांना जोड काही दिसेना. मग त्यांनी केरोबाला बोलावलं.

कासाराला हे सांगावं लागतं का? पोरीच्या हातात लहानपणी घातलेलं कडं ती मोठी झाल्यावर मनगटातून निघत नाही, हे केरोबानं शंभर वेळा बघितलेलं. तो वाळ्यावर अंगठ्याचं नख टेकवायचा आणि वाळा गोल फिरवायचा. जोड कितीही घासलेला असो, नख तिथं अडकायचंच. अडकलं की पाखरू जप्त. ते राजाच्या बागेत जायचं. नाही अडकलं की पंत मालकाचं नाव लावायचे.

दोन वर्षं केरोबानं हे काम केलं, एक पैसा न घेता. एकदा त्याच्या साडूनं पिवळा पोपट आणला. नख अडकलं. साडू म्हणाला, घरचं माणूस आहे, जरा बघा की. केरोबानं सगळ्यांसमोर सांगितलं, माझं नख नातं बघत नाही. पोपट गेला. तेव्हापासून साडूची बायको आपल्या सख्ख्या बहिणीशी, म्हणजे केरोबाच्या बायकोशी, यमुनेशी, बोलेनाशी झाली. हळदीकुंकवाला बोलावीना. यमुना घरी रडली. गावात मात्र केरोबाचं नाव झालं, आणि ते त्याला आवडलं. कोणाला आवडत नाही?

मग एका बाजाराला हैबतीनं एक निळा पोपट आणला.

निळा म्हणजे कसला निळा! मोरपिसाच्या डोळ्यातला रंग तेवढा काढून घ्यावा तसा. एवढंसं अंग, आखूड शेपटी, चोच हस्तिदंती. केरोबानं असलं पाखरू उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला तहानभूक सुचेना. हैबती म्हणाला की असं एखादंच येतं, आणि पलीकडच्या पेठेत एकानं मागूनही ठेवलंय.

पाखरू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. माणसाचा हात आला की जाळीवर आपटायचं. घरात वाढलेलं पाखरू असं करत नाही, हे केरोबाला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यानं दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी त्यानं एकही विचारला नाही. उन्हात वाळ्यावर एक बारीक रेघ दिसल्यासारखी झाली. त्यानं पिंजरा सावलीत घेतला आणि पैसे मोजले.

चावडीवर पंत म्हणाले, तुमचंच पाखरू आहे, तुम्हीच बघा. केरोबानं पाखरू हातात धरलं आणि वाळा गोल फिरवला. पण नखानं नाही, अंगठ्याच्या पेरानं. कासाराचा अंगठा तो, वर्षानुवर्षं काच आणि पितळ घासून चामड्यासारखा जाड झालेला. त्याला काय लागणार? बिनजोडाचा आहे, असं तो म्हणाला. पंतांनी नाव लावलं.

पिंजरा दारात टांगला. आळीतले लोक बघायला आले. केरोबा सगळ्यांना पाखराच्या गोष्टी सांगत होता. यमुनाही चावडीवर गेली होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली,

"अहो, माझ्या बहिणीच्या पाखराला नख लावलं होतंत. याला बोट का?"

केरोबा म्हणाला की दोन्ही एकच.  

आठ-दहा दिवस गेले. केरोबा बांगड्या बाजूला ठेवून पाखराकडे बघत बसायचा. ते दाणा कसा सोलतं, झोपताना डोकं कुठं लपवतं, सगळं त्याला बघायचं होतं. पाखरू दाणा डाव्या पायानं उचलायचं. मग एका सकाळी ते उजव्यानं उचलायला लागलं, आणि दोनदा खाली पाडलं. केरोबाला आधी गंमत वाटली. मग त्यानं जवळ जाऊन पाहिलं. डावा पाय सुजला होता. वाळा मांसात रुतला होता.

अखंड वाळा सहसा असा रुतत नाही, त्याला आत काही बोचायला नसतंच. हा डाखाचा होता. आतल्या अंगाला डाखाचा एक कण घासायचा राहिला होता, आणि तो दिवसरात्र पाय कापत होता.

केरोबा हैबतीकडे धावला. हैबती जागचा हलला नाही.

"वाळा काढू नकोस. पाय वाळून गळून पडेल, पाखरू एका पायावरही जगतं. पाय गळाला की वाळा तेवढा खुणेसाठी जपून ठेव."

असं तो म्हणाला. इतकं थंडपणे, की केरोबा तसाच परत फिरला.

घरी येऊन तो पिंजऱ्यापुढं बसला. वाळा कापला नाही तर पाय जाणार. कापला तर पाखराची खूण जाणार. बिनखुणेचं पाखरू ठेवता येत नाही, म्हणजे पाखरूही जाणार, आणि दोन वर्षं कमावलेलं नावही जाणार. घरीच गुपचूप कापावा आणि पिंजरा माळ्यावर लपवावा, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. येतंच. माणूस आहे. मग त्याला पाखराचा डोळा दिसला. पाखराला बाकी काही नको होतं. त्याला फक्त ते दुखणं जायला हवं होतं.

केरोबानं कानस, चिमटा, पितळेची एक पातळ पट्टी आणि वाटीभर खोबरेल घेतलं. एका हातात पिंजरा घेतला आणि भर दुपारी चावडीवर गेला. यमुना मागोमाग आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

बाईचा हात सुजला आणि पाटली रुतून बसली, तर कासारच ती काढतो. केरोबाचा तो रोजचाच उद्योग. पण हा पाय काडीएवढा. यमुनेनं पाखरू फडक्यात धरलं. केरोबानं पायाला तेल सोडलं, कानस पायाला लागू नये म्हणून वाळ्याच्या आत पट्टी सरकवली, आणि कानस चालवायला लागला. घाम त्याच्या नाकावरून खाली पडत होता. पंत उठून उभे राहिले.  वाळा तुटला तेव्हा पाखरानं यमुनेचं बोट कडकडून चावलं. तिनं ते चावू दिलं.

पंतांना अजून काही समजलं नव्हतं. केरोबानं तुटका वाळा त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. रेघ दिसली होती, हेही. पेरानं फिरवला होता, हेही.

पंत म्हणाले, "म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"तुम्हाला नंतर, पंत. पहिल्यांदा मला."

शिक्षा चुकली नाही, चुकायलाही नको होती. निळा पोपट राजाच्या बागेत गेला. केरोबाला पाच वर्षं पाखरू पाळायला बंदी झाली. हैबतीच्या दुकानाचं पाल बाजारातून उठलं ते कायमचं. तो जाताना शिव्या देत गेला, त्या इथं लिहायच्या नाहीत.

मग पंतांनी विचारलं की उद्यापासून वाळे कोण बघणार. केरोबानं नकारार्थी मान हलवली. मी नाही, तुम्हीच बघायचे, म्हणाला. पंत म्हणाले की मला जोड कळत नाही. केरोबानं त्यांचा अंगठा धरला, त्याचं नख तुटक्या वाळ्याच्या जुन्या जोडावर टेकवलं आणि हळूच फिरवलं. नख अडकलं. पंतांनी चमकून वर पाहिलं.

"हा जोड माझ्या पाखराचा," केरोबा म्हणाला. "लक्षात ठेवा. पुढं माझ्या हातातलं पाखरू आलं तरी असंच बघा."

त्या संध्याकाळी केरोबा जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. यमुनेनं ताट वाढलं आणि उचललं. तिसऱ्या दिवशी बागेतून निरोप आला की सूज उतरली, पाखरू दोन्ही पायांवर बसतंय. तेव्हा तो पाटावर येऊन बसला.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव बसलाय, त्याचीच तपासणी सगळ्यांत कडक करावी. तिथं डोळेझाक केली, तर हौस आपली होते आणि दुखणं दुसऱ्या जिवाच्या वाट्याला जातं.