इरिनीची न सांगायची इच्छा

इजिप्तच्या सोनेरी वाळवंटात, खजुराच्या झाडांखाली, मातीचं एक चिमुकलं घर होतं. तिथे इरिनी आणि तिची आई राहत. आई खजुराच्या पानांच्या टोपल्या विणायची. पण उडत्या वाळूने तिचे डोळे अधू झाले, आणि एक दिवस तिला काहीच दिसेना.

टेकडीवर अब्बा योना नावाचे म्हातारे साधू राहत. येशूची प्रार्थना करायची, वाल पिकवायचे आणि आल्यागेल्याला जेवू घालायचं, एवढंच त्यांचं काम. इरिनी त्यांच्या बागेत राबायची आणि ओंजळभर वाल घरी न्यायची. त्या वर्षी मात्र गावची विहीर आटली आणि बागही सुकली.

एका सकाळी बागेतल्या बाभळीवर काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी, इवलीशी परी! तिचा निळा-जांभळा पंख काट्यात अडकला होता. इरिनीने तो हळूच सोडवला.

"गुणी पोर आहेस," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण सूर्य मावळायच्या आत. आणि ती तू मागितलीस, हे कुणालाही सांगायचं नाही. सांगितलंस तर मिळालेलं सारं जाईल."

"आईजवळ बसून मागते," म्हणत इरिनी घराकडे धावली.

वाटेत विहीर लागली. काठावर एक बाई बसली होती. तिचं तान्हं बाळ कोरड्या ओठांनी रडत होतं, आणि घागरीत थेंबही नव्हता. इरिनी थांबली. तिला आईचे डोळे आठवले. मग तिने डोळे मिटले आणि पुटपुटली, "विहिरीला पाणी येऊ दे."

खळखळत, चमचमत पाणी वर आलं. सारा गाव भिजला, हसला, नाचला आणि टेकडीवर धावला. "अब्बांनी चमत्कार केला!"

"मी तर वाल निवडत होतो," अब्बा म्हणाले. कुणालाच ते पटेना. तेव्हा अब्बांनी आपली घोंगडी गुंडाळली. "दुसऱ्याचं श्रेय अंगावर घेऊन मला इथे राहता यायचं नाही."

गावकऱ्यांमागोमाग आलेल्या इरिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "जाऊ नका ना, अब्बा. मला... मला सांगता येत नाही."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना सारं उमगलं. मग घोंगडी खाली ठेवली. "नको सांगूस, बाळ." ते गावकऱ्यांकडे वळले. "ज्याने हे पाणी मागितलं, त्याने स्वतःसाठी काही ठेवलं नाही. त्याचं नाव विचारू नका. तसं वागा, म्हणजे झालं."

इरिनी घरी आली, तर उंबऱ्यावर परी उभी होती.

"माझी इच्छा तर संपली," इरिनी म्हणाली.

"हो. ही इच्छा नाही, ही माझी भेट आहे."

परीने पंख झटकले. गुलाबी, सोनेरी, मोरपंखी उजेड घरभर पसरला आणि त्या उजेडात परी विरून गेली.

आईने डोळे चोळले. समोर पाहिलं. मग दोन्ही हातांनी इरिनीचा चेहरा धरला.

"अगं," ती म्हणाली, "तू एवढी मोठी कधी झालीस?"