कोऱ्या फळ्याची सोसायटी

एका शहरात, शहर संपता संपता, जिथलं नाव ऐकलं की रिक्षावाले आधी मान हलवतात, तिथे एक सोसायटी होती. आनंदमोगरा तिचं नाव. मोगऱ्याचं एक रोप नव्हतं, पण चार विंग होत्या, चार लिफ्ट होत्या आणि भांडायला भरपूर माणसं होती. अशा ठिकाणी मॅनेजर होणं म्हणजे काय खायचं काम आहे का हो? सकाळी पाण्याला दाब नाही, दुपारी कुणाच्या तरी पार्किंगमध्ये भलत्याचीच गाडी, संध्याकाळी पोरांचा बॉल कुणाच्या तरी तुळशीत. आणि प्रत्येकाला वाटतं, मॅनेजर फक्त माझ्याच फ्लॅटसाठी ठेवलाय!

तर हा मॅनेजर म्हणजे वैजनाथ. लातूरकडचा. बायको आणि छोटी पोरगी गावाकडे, आणि हा इथे पंपाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत. आला तेव्हा साधा सुपरवायझर होता. त्याला घडवलं ते क विंगमधल्या सबनीस काकांनी. काका एकटेच राहायचे, मुलगी सांगलीला. आणि काका म्हणजे सोसायटीतले नंबर एकचे तक्रारखोर! रोज सकाळी फेरी मारायचे आणि थेट वैजनाथच्या केबिनमध्ये.

"वैज्या, टाकीचं झाकण उघडंय. कावळ्याची अंघोळ झाली, आता आपली."

"वैज्या, जिन्यातला दिवा येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळे मारतोय. त्याचं लग्न लाव नाहीतर त्याला बदल."

लोक हसायचे. वैजनाथ सुरुवातीला जाम वैतागायचा. मग त्याच्या लक्षात आलं, काकांचं आज ऐकलं की उद्याचा दहा जणांचा ओरडा वाचतो. असं करत करत पोरगा काम शिकला. गेटवर एक मोठा फळा होता. तक्रार आली की तो त्यावर लिहायचा, काम झालं की पुसायचा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, लपवाछपवी नाही. पुढे काकांनीच कमिटीपुढे हट्ट धरला आणि वैजनाथचा मॅनेजर झाला.

एका वर्षी वॉर्डात आदर्श सोसायटीची स्पर्धा लागली. सेक्रेटरी कुलथे मॅडम नुसत्या उत्साहाने उसळल्या होत्या. त्यांनी वैजनाथला बोलावलं.

"हे बघ, परीक्षक गेटमधून आत येणार. पहिलं काय दिसणार? फळा. तो मला कोरा पाहिजे."

"मॅडम, सगळी कामं संपवतो ना."

"संपव नाहीतर पुस. बक्षीस आलं तर शेजारच्या दोन्ही सोसायट्यांचं कामही तुलाच मिळतंय, वर राहायला फ्लॅट. मग तरी बायको-पोरीला आणशील की नाही?"

आता सांगा, कुणाचं मन हलणार नाही? रोज फोनवर पोरगी विचारायची, बाबा, कधी नेणार? वैजनाथ पेटून कामाला लागला. खरंच लागला! नळ दुरुस्त झाले, गटारं साफ झाली, भिंती रंगल्या. पण तक्रारी काय, गवतासारख्या. एक उपटावी तर तिथे दोन उगवणार. मग त्याने एक युक्ती काढली. कुणी तक्रार घेऊन आलं की तो हात जोडून म्हणायचा, "फळ्यावर कशाला? सोसायटीचं नाव खराब होतं. एवढं बक्षीस होऊन जाऊ दे, मग बघतोच मी." माणूस गोड, कामाचा. लोकांनी ऐकलं. हळूहळू कुणी यायचंच बंद झालं. फळा कोरा झाला आणि त्या कोऱ्या फळ्याशेजारी उभं राहून लोकांनी सेल्फी काढले, सेल्फी!

पण काका थोडेच थांबणार?

"वैज्या, आमची लिफ्ट तळमजल्यावर नीट टेकत नाही. चार बोटं वरच थांबते. बाहेर पाऊल टाकताना खड्ड्यात गेल्यासारखं होतं. लिही फळ्यावर."

वैजनाथने मनात हिशेब केला. लिफ्टवाल्याला बोलवायचं म्हणजे लिफ्ट बंद, बाहेर पाटी, आणि परीक्षक तर याच आठवड्यात येणार!

"काका, एवढा आठवडा थांबा ना. माझ्यासाठी."

काका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनाही फ्लॅटचं, पोरीचं सगळं माहीत होतं.

"बरं. माझं मी बघून पाऊल टाकीन. पण बाकीच्यांसाठी आत एक कागद तरी चिकटव, पायाखाली बघा म्हणून."

वैजनाथने कागद लिहिला. चिकटवायला लिफ्टपर्यंत गेलासुद्धा. आणि तिथे त्याला वाटलं, परीक्षकांनी वाचला तर? त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

परीक्षक आले. कोरा फळा बघून एक बाई तर म्हणाल्या, "अहो, इथे माणसं राहतात की देव?" सगळे हसले. कुलथे मॅडमनी वैजनाथला पुढे ढकललं. त्याच्या गळ्यात हार पडला. टाळ्या सुरू झाल्या.

सबनीस काका तेव्हा सातव्या मजल्यावरून निघाले होते. इस्त्रीचा सदरा घातलेला, केसांना तेल लावलेलं. आपल्या वैज्याचा सत्कार बघायचा म्हणून घाईत होते. लिफ्ट थांबली. टाळ्यांचा आवाज आला आणि काकांनी मान वर करून पाऊल टाकलं. त्या दिवशी त्यांचं पायाखाली लक्ष नव्हतं.

ते धाडकन पडले. टाळ्या थांबल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. सांगलीहून मुलगी, शुभदाताई, धावत आली. वैजनाथ हॉस्पिटलमध्ये गेला तेव्हा काका पडून होते, चेहरा अगदी एवढासा झालेला.

"मिळालं का रे बक्षीस?"

"मिळालं, काका."

"मग पेढे कुठायत, चिंगूस?"

वैजनाथला हसता येईना. शुभदाताई त्याच्याकडे वळल्या. "बाबा म्हणतात त्यांचाच तोल गेला. खरं सांगा, लिफ्टचं काही होतं का हो?"

वैजनाथच्या ओठांवर शब्द आले होते, खोटं नाही सांगत, अगदी ओठांवर. हो ताई, होतं. काकांनी मला सांगितलं होतं. पण त्याला पोरगी दिसली, फ्लॅट दिसला. आणि तेवढ्यात काका म्हणाले, "लिफ्टचं काय असणार? म्हातारपणाचं आहे ते."

वैजनाथ गप्प राहिला. काकांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. बस, एवढंच. पण त्यानंतर त्यांनी त्याला वैज्या म्हणून हाक मारली नाही.

लिफ्टवाला आला. चहाला आलेला माणूस जेवायच्या आत जातो, तसा काम करून गेलासुद्धा!

काका काही पुन्हा आपल्या पायांवर चालले नाहीत. शुभदाताई त्यांना सांगलीला घेऊन गेल्या. खुर्चीतून उचलून गाडीत बसवताना वैजनाथ पुढे झाला, तर काका म्हणाले, "राहू द्या वैजनाथराव, तुम्हाला कामं असतील." शिवी दिली असती तरी चाललं असतं. हे 'तुम्ही' त्याच्या काळजात रुतलं. पुढे काकांचा फ्लॅट विकला गेला. मग एक दिवस सांगलीहून निरोप आला, काका गेले.

वैजनाथ आता तीन सोसायट्यांचा मोठा मॅनेजर होता. बायको आली, पोरगी शाळेत जायला लागली. सगळं मिळालं की हो! फक्त सकाळी केबिनमध्ये कुणी येत नव्हतं. तो स्वतःच दारोदार जाऊन विचारायला लागला, "काही अडचण आहे का? सांगा ना, लगेच करतो." लोक गोड हसायचे. "छे छे, सगळं मस्त आहे." आणि दार लावून घ्यायचे.

एकदा तो ब विंगमध्ये तांबोळी भाभींकडे पाण्याचं मीटर बघायला गेला. आत पाऊल टाकलं आणि थबकला. हॉलच्या छताचा गिलावा सुटून आतली सळई दिसत होती. पाणी टपकत होतं. पलंग भिंतीला सरकवलेला, खाली मधोमध बादली.

"भाभी! हे कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

"अहो, मग मला सांगितलं का नाही?"

भाभींनी टोमणा मारला नाही. त्यांनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "तूच तर हात जोडले होतेस, भैया. सोसायटीचं नाव खराब होतं म्हणालास. आता झाली सवय आम्हाला."

वैजनाथ स्टुलावर बसला. हातातला ग्लास तसाच राहिला. छतातून थेंब पडतच होता. बादली काठोकाठ आली तशा भाभी उठल्या, ती उचलून बाजूला केली आणि तिच्या जागी रिकामी बादली ठेवली. त्याला काही करायला सांगितलं नाही.

तात्पर्य: जो आपल्याकडे येऊन कुरकुर करतो, त्याचा आपल्यावर अजून भरवसा असतो. त्याला गोड बोलून गप्प केलं, तर कुरकुर थांबते, दुखणं थांबत नाही. आणि एकदा गेलेला तो भरवसा दारोदार फिरूनही परत मिळत नाही.