द्वारकीची सावर

कुरणखोलला जायची वाट कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. सडा ओलांडायचा, द्वारकीच्या सावरीपाशी उतरायचं, मग पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेकडेने खाली. आता तुम्ही जसे माना वर करून बघताय ना, तसंच येणारा प्रत्येक जण बघतो आणि मग आमच्यावर चिडतो. सावर नाही. माझ्या आजोबांनी पाहिली नाही, त्यांच्या आजोबांनीही नाही. हा कातळातला खळगा दिसतोय, पावसाचं पाणी साचलेला, तीच द्वारकीची सावर. तो फोन ठेवा खिशात. त्यातला निळा ठिपका सड्यावर नुसता लोळत असतो. बसा जरा. नसलेल्या झाडावरून आम्ही वाट का सांगतो, ते एकदा ऐकून घ्या म्हणजे पुन्हा विचारायला नको.

सडा म्हणजे हा सगळा जांभ्या कातळाचा माळ. मातीत पायवाट पडते, कातळावर पाऊल उमटत नाही. उन्हाळ्यात ठीक आहे, चारी बाजूंचे डोंगर दिसतात. पावसाळ्यात धुकं उतरलं की स्वतःचा हातही परका वाटतो. आणि त्या अंगाला कडा आहे. कडा हळूहळू येत नाही, एकदमच येतो. म्हणून उतरायची जागा अचूक ठाऊक असणं हा इथे जिवाचा प्रश्न आहे, आजही आणि तेव्हाही.

फार पूर्वी, असं सांगतात, सड्याच्या या टोकाला दोन भावांची दोन घरं होती. थोरल्याची बायको सारजा, धाकट्याची द्वारकी. वाटणी झाली तेव्हा थोरली म्हणून सारजाने आधी निवडलं. तिने खालचं घर घेतलं. तिथे अंगण सपाट, विहीर जवळ. वरच्या घराच्या अंगणात काटेसावर होती, जुनी, सरळसोट, ताडाहून उंच. सारजा म्हणाली, "काटं पोरांच्या पायात जातील, कापूस उडून डाळीत पडंल. ता बोडका झाड तिच्या पदरात घाला." द्वारकी हसून बरं म्हणाली. ती कशालाही हसूनच बरं म्हणायची, आणि सारजाला तेच पहिल्यापासून खटकायचं.

पण वाट काही घर बघून ठरत नाही. सड्यावरून येणाऱ्याला सर्वांत आधी दिसायची ती सावर. धुक्यातही जवळ आलं की तिचा काळा बुंधा समोर उभा राहायचा आणि माणसाच्या जिवात जीव यायचा. मग लोक सांगू लागले, द्वारकीच्या सावरीपाशी उतर. देवळात जायचं? द्वारकीच्या सावरीवरून. गुरवाकडे? द्वारकीच्या सावरीवरून उजवीकडे. आणि सारजाच्या घरी? तिथेही द्वारकीच्याच सावरीवरून, खाली डावीकडे, थोरलीचं घर. सारजा थोरली, सारजा आधी आलेली, देवीच्या पालखीला पहिली ओवाळणारी सारजा. आणि तिच्या घराचा पत्ता धाकट्या जावेच्या नावाने!

तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कासार आला की आधी द्वारकीच्या ओटीवर टेकायचा. तिथे गूळपाणी व्हायचं, बांगड्यांची माळ सुटायची, आणि तो खाली येईपर्यंत चांगला हिरवा चुडा द्वारकीच्या हातात गेलेला असायचा. गावोगावच्या बातम्या वरच्या ओटीवर ताज्या पोचायच्या, खालच्या ओटीवर शिळ्या. सारजाचा एकुलता एक भाऊ राघो वर्षाकाठी एकदा सड्यापलीकडून यायचा, तोही आधी वर पाणी पिऊन, वर हसून-बोलून मग बहिणीकडे यायचा. एकदा तो म्हणाला, "बाय, तुजी जाव लय मायेची हाय हां." सारजाने त्या दिवशी त्याला वाढलेल्या भातावर तूप घालायचंच सोडून दिलं.

आपणच टाकून दिलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात शोभली की ती फार सलते. झाड आपण निवडू शकत होतो, हे सारजाला पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच तिला झोप लागत नव्हती. तिने जावेचं नाव तोंडाने घेणं सोडलं. 'ती' म्हणायची, 'वरची' म्हणायची, फारच झालं तर हनुवटीने वर दाखवायची. पुढे पुढे द्वारकी असा शब्दच तिच्या घरात कुणी काढीनासं झालं.

शिमगा जवळ आला. आमच्याकडे होळी म्हणजे नुसती लाकडं नव्हेत. उभं झाड तोडायचं, नाचवत गावात आणायचं आणि देवळासमोर उभं करायचं. ज्याच्या दारचं झाड देवीने मागितलं त्याने नाही म्हणायचं नसतं. दरवर्षी आंबा नाहीतर पोफळ असायची. सारजाचा नवरा धोंडू मानकरी होता. जेवताना ती त्याला म्हणाली, "अवो, देवीला ह्या वर्साला पन पोफळीची काठीच देनार? शेजारच्या गावची होळी बगितलीव कवडी उंच व्हती ती?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने हनुवटी वर केली. धोंडू गरीब माणूस, त्याला वाटलं बायकोच्या मनात देवीची भक्ती दाटली आहे.

मानकरी वरच्या अंगणात गेले. द्वारकीचं हसू त्या दिवशी पहिल्यांदा मावळलं, म्हणे. तिने बुंध्याला हात लावला, कुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि बाजूला झाली. देवीला नाही कसं म्हणणार? सावर त्या वेळी फुलांनी लालभडक झाली होती. कुऱ्हाडी चालल्या, फुलांचा सडा पडला, ढोल वाजले. खालच्या घरात सारजा पुरणपोळ्या लाटत होती. झाड पडल्याचा आवाज झाला तेव्हा तिने लाटणं क्षणभर थांबवलं आणि मग जरा जोरातच लाटू लागली. तिला फार बरं वाटलं, हे सांगायला हवं. उगाच तिला आत्ताच पश्चात्ताप झाला म्हणून मी खोटं कशाला सांगू?

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. होळी जळून गेली आणि लोक काय म्हणू लागले? "द्वारकीची सावर व्हती ना, थितून उतर." सारजाने कपाळावर हात मारला. निदान वर्ष-दोन वर्षांत विसरतील, असं तिने मनाला समजावलं.

श्रावण लागला. नागपंचमीला तुला न्यायला येतो, असा राघोचा निरोप आला. सारजाने कितीतरी दिवसांत माहेर पाहिलं नव्हतं. तिने गाठोडं बांधून ओटीवर ठेवलं आणि सकाळपासून वाटेकडे डोळे लावून बसली. सकाळीच धुकं उतरलं होतं. दुपार झाली तरी ते हलेना. पुरुषमंडळी खालच्या शेतात होती. शेजारीण जाता जाता म्हणाली, "काय गो, अजून नाय आला भाव?" आणि त्या क्षणी सारजा ताडकन उठली. राघो पहिल्यांदा येणार होता तेव्हा तिनेच त्याला शिकवलं होतं, सावर दिसेपर्यंत उतरू नको, मधे कुठे वळू नको, सावर दिसली की मगच उतर. सावर पाडल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण? तिच्याशिवाय त्याला होतं कोण इथे?

ती अनवाणीच सड्यावर धावली. बुंध्याच्या जागी येऊन तिने हाक मारली, "राघो! ए राघो!" धुक्यातून लांबून आवाज आला, "वाघजाई, सांभाळ गो माय!" भावाचाच आवाज. ती आनंदाने आणखी जोरात ओरडली, "राघो, हकडं ये! मी सारजा हाय!" पुन्हा तोच आवाज आला, "वाघजाई, सांभाळ!" पण आता तो जास्त लांबून आला. ती जसजशी हाका मारत गेली तसतसा भाऊ दूर चालला, कड्याच्या अंगाला.

चकवा माणसाला कसा नेतो, ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तो आपल्याच माणसाच्या आवाजात, आपल्याच नावाने हाक मारतो. राघोला सावर दिसत नव्हती, आणि जिथे सावर नाही तिथून बहीण नावाने बोलावत होती. शहाणा माणूस दुसरं काय करणार? देवीचं नाव घेऊन तो त्या आवाजापासून पळत होता. बहिणीच्या मायेनेच त्याला कड्याकडे ढकलायला सुरुवात केली होती.

हे सारजाच्या ध्यानात आलं आणि तिने हाक अर्ध्यावर तोडली. हाक मारली तर तो पुढे जाणार, नाही मारली तर चुकणार. तिने वाघजाईला हात जोडले. माझा भाऊ दे, मग या सड्यावर धुकं उतरेल तेव्हा तेव्हा मी इथे उभी राहून वाट दाखवीन. मग तिला आपल्या सासूचं बोलणं आठवलं. सासू म्हणायची, चकव्याला नावं सगळ्यांची ठाऊक, खूण एकही ठाऊक नाही. खूण सांगेल तो माणूस.

खूण म्हणजे काय, ते सारजाला माहीत होतं. ते शब्द तिने कधी ओठांवर येऊ दिले नव्हते. त्या शब्दांसाठी तर तिने झाड पाडलं होतं. असं सांगतात की तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग ती पोटातून ओरडली, "द्वारकीची सावर! हीच द्वारकीची सावर! हकडं उतार हाय!"

धुकं गप्प झालं. देवीचं नाव थांबलं. सारजा ओरडतच राहिली, घसा फाटेपर्यंत, द्वारकीची सावर, द्वारकीची सावर. आणि धुक्यातून भिजलेला, कापत असलेला राघो चालत आला.

त्याच वेळी वरच्या घराच्या परसातून द्वारकी धावत आली. इतक्या वर्षांनी थोरल्या जावेच्या तोंडून आपलं नाव ऐकून तिला वाटलं, काहीतरी भयंकर झालं. राघो इकडे तिकडे बघत होता. "बाय, सावर कुटं हाय?"

"मीच पाडवली," सारजा म्हणाली. "होळीचा निमित्त केला. हिचा नाव जाया पायजे म्हनून."

द्वारकीने पदर खोचला. मग म्हणाली, "वयनी, तुमचा भाव भिजलाय. चला, चूल पेटती हाय." आणि त्या दिवशीही राघोने गरम पाणी आधी द्वारकीच्याच घरी प्यायलं. सारजाला तेव्हाही जरा लागलं, असं म्हणतात. मी म्हणतो, लागलंच असणार. भाऊ वाचला म्हणून स्वभाव थोडाच जातो?

पण नवस तिने पाळला. धुकं उतरलं की सारजा वर यायची आणि ओरडायची. किती वाटसरू त्या हाकेने उतरले याची गणती नाही. ते खाली येऊन द्वारकीला हात जोडायचे, "तुमच्या सावरीनं वाचलो." सारजा शेजारी उभी असायची, घसा शेकत.

एकदा, म्हातारपणी, तिला राहवलं नाही. धुक्यात कुणीतरी अडकलंय हे पायाखालच्या गोट्यांच्या आवाजावरून कळत होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिने हळूच सुरुवात केली, मग मोठ्याने ओरडली, "सारजाची सावर! हकडं उतार हाय, सारजाची सावर!" गोट्यांचा आवाज थांबला. ती आणखी ओरडली. कुणी आलं नाही. तिने वाट पाहिली, पुन्हा ओरडली, आणि शेवटी डोळे पुसून नेहमीची हाक दिली. लगेच पावलं वाजली. कासार होता, बांगड्यांची माळ सांभाळत आला.

"बाय, देवासारखी भेटलीव," तो म्हणाला. "मगाशी कोनतरी भलत्याच सावरीचा नाव घेत व्हता. म्हटला, ह्यो चकवा. म्हनून बसून ऱ्हायलो."

"व्हय," सारजा म्हणाली, "चकवाच व्हता तो."

तिच्यामागे हाकेचा मान तिच्या घराकडे राहिला. आजही धुकं उतरलं की सारजाच्या घरची सून सड्यावर येते, या खळग्यापाशी उभी राहते आणि दुसऱ्या घरच्या बाईचं नाव घेऊन ओरडते. माणूस हरवला तर आमच्या गावात अजूनही कुणी त्याला नावाने हाक मारत नाही. नवी सून पहिल्या पावसात सासूला विचारते, हाकेत आपल्या घरचं नाव का नाही? सासू तिला हीच गोष्ट सांगते, मी तुम्हाला सांगितली तशी. एकदा तरी आपलं नाव घालून बघावं, असा मोह त्या घरातल्या प्रत्येकीला होतो, असं म्हणतात. पण कुणी घालत नाही. समोरच्या धुक्यात कुणाचा तरी भाऊ चालत असतो.