महाराजांनी न ऐकलेली तबकडी

"मुकाट्याने पैसे परत कर! नाहीतर उद्यापासून तुझं एकही पार्सल आमच्या टपालातून जायचं नाही!"

चांदसूरचे महाराज गजेंद्रराव कडाडले. समोरच्या चौरंगावर ग्रामोफोनच्या एका तबकडीचे दोन तुकडे होते आणि चौरंगापलीकडे उभी होती केशर, लिंबाजी कासाराची लेक.

लिंबाजीचं बांगड्यांचं दुकान कधीच बसलं होतं. आता घर चालायचं ते केशरवर. गावोगाव फिरून ती जुन्या, दुर्मीळ तबकड्या शोधून आणायची आणि शौकिनांना टपालाने विकायची. बांगड्या पाठवायची घरची रीतच तिने तबकड्यांना लावली होती. खाली पेंढा, वर पेंढा, मध्ये जुन्या धोतराची घडी. आजवर एक तबकडी वाटेत फुटली नव्हती. टपाल बंद झालं तर चूलच बंद व्हायची.

"सरकार," केशर म्हणाली, "माझ्या प्रत्येक पार्सलात एक चिठ्ठी असते. तबकडी सदोष निघाली तर पैसे परत. ऐकून मन भरलं म्हणून परत नाही."

"मन भरायला आधी ऐकायला तर हवी! आली तीच फुटकी!"

"मग कळवायला अठरा दिवस का लागले?"

दरबारात कुजबुज झाली. महाराजांनी उगाच मिशीवर हात फिरवला.

दिवाण पुढे सरसावले. "जास्त बोलू नकोस! गेल्या महिन्यात कुण्या पेन्शनर मास्तरांना पैसे परत दिलेस ना? वर परतीचा टपालखर्चही दिलास म्हणे! मास्तरांना एक न्याय आणि महाराजांना दुसरा?"

"न्याय एकच आहे, दिवाणसाहेब. मास्तरांची तबकडी मी लावून पाहिली, दुसऱ्या बाजूला सुई खरंच अडकत होती. चूक माझी, पैसे त्यांचे. तिथे मास्तर बघितले नाहीत, तबकडी बघितली. इथेही तेच करते आहे."

लिंबाजीने मागून तिचा पदर ओढला. "अगं बये, देऊन टाक की पैसे! जिवावर बेतेल!"

"आबा, आज घाबरून महाराजांना दिले, तर उद्या खऱ्या तक्रारीला कुठल्या तोंडाने देऊ?"

महाराज खरं तर मनातून खजील झाले होते, पण भर दरबारात माघार कोण घेणार? ते म्हणाले, "ठीक आहे! तबकडी आमच्याकडे आली तेव्हा धड होती, हे सिद्ध कर. पण वाड्यातल्या कुणाची साक्ष चालणार नाही. शपथ चालणार नाही. आणि या तुकड्यांना हात लावायचा नाही!"

दिवाण खुदकन हसले. लिंबाजीने कपाळाला हात लावला.

केशरने चौरंगाकडे पाहिलं. मग तिने महाराजांकडे पाहिलं.

"मान्य! फक्त एक विचारते. सरकारांनी रत्नूबाई मयेकरांचं हे गाणं पूर्वी कधी ऐकलं होतं?"

"आयुष्यात नाही! बाई गेल्या, आणि तबकडी म्हणे एवढी एकच उरली होती. म्हणून तर मागवली!"

"अरेरे! मग सरकारांच्या कानांवर अन्याय झाला. पाठवण्याआधी मी प्रत्येक तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते, कुठे खरखर आहे ते टिपून ठेवते. गाणं मला पाठ आहे. परवानगी असेल तर म्हणून दाखवते. तबलजीबुवा, साधा त्रिताल धरा!"

गाणं म्हटल्यावर महाराजांना नाही म्हणवेना. पानाचा चांदीचा डबा मांडीशी ओढून ते सरसावून बसले.

केशरचा गळा म्हणजे कल्हईवाल्याचा भाता! पण लहानपण बांगड्या डझनाडझनाने मोजण्यात गेलेलं, त्यामुळे ताल पक्का. तिने सूर लावला. दोन मानकऱ्यांनी पागोट्याआड कान झाकले.

"लाजले गं मी, लाजले गं मी, लाजले..." तान चढत चढत समेपाशी आली. तालाचा तो पहिला ठोका आला, की ऐकणाऱ्याचा हात आपसूक मांडीवर पडतो. सगळ्या दरबाराचे हात पडले, थाप!

पण केशर त्या ठोक्यावर गप्पच राहिली! दरबार ओशाळला. महाराजांचा हात मात्र जागचा हलला नव्हता.

पुन्हा तान चढली. "लाजले गं मी, लाजले..." पुन्हा थाप! पुन्हा केशर गप्प! दिवाण तर स्वतःच्याच मांडीवर चिडले. महाराज डोळे मिटून नुसते गालात हसत होते.

तिसऱ्यांदा तान चढली. दोनदा फसलेल्या दरबाराने हात घट्ट आवरून धरले. केशर समेपाशी आली, श्वास घेतला आणि तोंड मिटून उभी राहिली.

"चांदण्याला!" महाराज ओरडले. त्यांचा हात बरोब्बर समेवर आदळला आणि पानाचा डबा उडून खणकन फरशीवर पडला!

तबलजी थांबला. डब्याचं झाकण तेवढं गरगरत राहिलं.

"वा, सरकार!" केशर हात जोडून म्हणाली. "या गाण्यात रत्नूबाई दोनदा सम मुद्दाम सोडतात आणि तिसऱ्यांदाच गाठतात. सगळा दरबार दोनदा फसला, आपण एकदाही नाही. मी न म्हटलेला शब्दसुद्धा आपण म्हणालात. तबकडी आली तीच फुटकी, असं आपण म्हणता. मग तुकडे गायला कधीपासून लागले?"

महाराजांनी डब्याकडे पाहिलं, चौरंगाकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्यांच्या पोटातून हसू उसळलं, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना.

"अगं, अश्शीच! अश्शीच फुटली ती! सतरा दिवस दिवसातून चारदा ऐकली. अठराव्या दिवशी याच समेवर हात मारला, बाजूचं पानाचं तबक उलटलं आणि ते आलं थेट तबकडीवर! दिवाणजी, या पोरीचं एकूण एक पार्सल आमच्या टपालातून फुकट जाईल. आणि आमचा पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन आजच तिच्या घरी पोचवा. तबकड्या तपासायला लागेल तिला!"

लिंबाजीने एवढ्या वेळाने श्वास सोडला.

महाराजांनी वाकून डबा उचलला. कोपरा चांगलाच चेपला होता. त्यांनी डोळे मिचकावले. "का गं, हा सदोष डबा आता सोनाराकडे परत पाठवला, तर पैसे मिळतील का?"

"कसे मिळतील, सरकार?" केशर म्हणाली. "आला तेव्हा तो धड होता, आणि या खेपेला साक्षीला अख्खा दरबार आहे!"

महाराज पुन्हा एवढ्या मोठ्याने हसले, की चेपलेला डबा हातातून निसटून दुसऱ्यांदा फरशीवर पडला.