नऊ ठोकळे

“मग अडलंय कुठं, बाई? तुमची सही तेवढी राहिलीय.”

विद्याधर तिसऱ्यांदा हेच विचारत होता. रेगेबाई मेथी निवडत होत्या. मान वर नाही.

मराठी पोरांची बुद्धी मराठीतूनच मोजायची, हे खूळ पहिल्यांदा याच बाईंनी घेतलं. लाकडी ठोकळे आणि कळ दाबायचं घड्याळ पिशवीत टाकून चाळीस वर्षं त्यांनी शाळा पालथ्या घातल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेला विद्याधर आता मोठा साहेब झाला होता. बारा वर्षं खपून त्यानं स्वतःची नवी चाचणी केली होती. जूनपासून ती जिल्ह्यातल्या प्रत्येक पोराला लागणार, आणि जे कमी पडेल त्याची रवानगी वेगळ्या शाळेत. उद्या बैठक. बाईंची सही नसेल तर बैठकीत कुणी हात वर करणार नव्हतं.

विद्याधरची मान ताठ, इस्त्री त्याहून ताठ.

“तुमच्या चाचणीपेक्षा माझी कमी चुकते,” तो म्हणाला. “आकडे बघा.”

“बघितले.”

बाई उठल्या. आतून जुनी पिशवी आणली. नऊच ठोकळे, लाल-पांढरे, रंगाचे टवके उडालेले. सतरंजीवर त्यांनी सावकाश एक नक्षी मांडली.

“असंच करून दाखव.”

घड्याळाची कळ दाबली.

विद्याधरला हसू आलं. आता या वयात आपली परीक्षा घेतायत म्हणे. त्यानं एका हातानं नक्षी विस्कटली आणि दोन्ही हातांनी भराभर पुन्हा मांडली.

“चौदा सेकंद,” बाई म्हणाल्या. “हुशार आहेस. पहिल्यापासूनच.”

“मग?”

“मेंढपाळांच्या वाडीवर एक शाळा होती. तिथं गोदा मासाळ म्हणून पोरगी. सात वर्षांची. तिच्यापुढं हीच नक्षी मांडली. दोन मिनिटं हात मांडीवर घेऊन बसली. बोट लावलं नाही.”

“शून्य,” विद्याधर म्हणाला. शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

“मीही तेच दिलं. मग ठोकळे भरताना विचारलं, का गं, हात का नाही लावलास? तर म्हणाली, तुमी एवढं छान मांडलंया, मी कशाला मोडू?”

“मग बदललंत ना शून्य?” विद्याधरनं विचारलं.

“वेळ संपली होती. वेळेनंतरचं धरायचं नाही, हा नियम. कुणी केलेला? मीच. शाळेनं तिला घरी बसवलं.”

विद्याधरनं फाईल पुढं सरकवली. “माझ्या चाचणीत ठोकळेच नाहीत, बाई. पडद्यावर बोट लावायचं. मोडायचा प्रश्नच येत नाही.”

“आणि एखादीनं बोटच नाही लावलं तर?”

“तर वेळ संपली की...”

सतरंजीवर त्यानंच मोडून पुन्हा मांडलेली नक्षी होती. तिच्याकडं त्याला बघवेना.

बाईंनी पिशवीच्या तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला. वर गोदाचं नाव, मधे शून्य, खाली ठसठशीत सही. तो त्यांनी त्याच्या फायलीवर ठेवला आणि मेथीची जुडी पुढं ओढली.

“सही हवी होती ना? ही घे. माझीच आहे.”