निळ्या चहाची पंगत

एका राज्यात एक राजा रोज एकटाच जेवत असे. राजवाडा शंभर खांबांचा, मुदपाकखान्यात चुली सदा पेटलेल्या, पण राजापुढे पाट एक आणि ताट एक. वाढपी वाढत, मागे सरत आणि दार लोटून घेत. राजा भिंतीकडे तोंड करून घास घेई. भलताच गर्विष्ठ दिसतो, असे तुम्ही म्हणाल. तसे नव्हते. त्याला शाप होता.

राजाचे नाव भद्रसेन. त्याला राज्याभिषेक झाला त्या दिवशी अंगणात मोठी पंगत बसली. पानांवर मीठ आणि लिंबाची फोड वाढून झाली आणि भाताच्या पराती निघाल्या. पंगतीच्या अगदी टोकाला एक म्हातारी बसली होती. भात तिच्यापर्यंत पोचायचा होता, तेवढ्यात कोणी येऊन सांगितले, "महाराज, नवा घोडा आला. पांढराशुभ्र आहे." राजा पडला तरुण. शेवटच्या पानापर्यंत भात पोचला की नाही, हे पाहण्याचे त्याच्या डोक्यातही आले नाही. त्याने चार घास गिळले आणि उठला. राजा उठला की पंगत उठायची, असा तिथला रिवाज. सगळे उठले. म्हातारीच्या पानावर मीठ आणि लिंबाची फोड, एवढेच राहिले.

ती होती मेघांबा चेटकीण. तिने लिंबाची फोड पदराला बांधली आणि राजासमोर येऊन म्हणाली, "मला विसरून उठलास. आता तुझ्यासोबत जो खाईल, जो पिईल, तो उठला की तुला विसरेल."

एवढे बोलून ती गेली. घोडा खरोखरच सुंदर होता.

त्याच संध्याकाळी राजा आईसोबत आणि राणीसोबत दूध प्यायला. पेले खाली ठेवून दोघी उठल्या. आई म्हणाली, "हा मुलगा कोणाचा?" राणी कनकलेखेने पदर सावरला आणि विचारले, "आपण कोण?" दासींनी समजावले, प्रधानाने समजावले. दोघींनी ऐकून घेतले, मानही डोलावली. पण सांगून कळलेला नवरा आणि सांगून कळलेला मुलगा, त्यात काय जीव असणार! आईला सांगितलेलेही फार दिवस टिकले नाही. पुढे ती आजारी पडली, तेव्हा राजा उशाशी बसून होता. तिने वैद्य समजून त्याच्या हातात नाडी दिली आणि तशीच गेली.

तेव्हापासून राजा कोणासोबत पाण्याचा थेंबही घेत नसे. खिडकीत एक राघू मात्र येई. ताटातला दाणा उचली, उडून जाई आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारी, "आपण कोण?" राजा रोज नाव सांगे, गाव सांगे. वर्षे गेली. राजाच्या कानांवरचे केस पांढरे झाले, तरी रोजची ओळख चुकली नाही. खरे सांगायचे तर, दिवसभरात त्याच्याशी आपणहून बोलणारा तो एक राघूच होता.

एके दिवशी राघूने दाणा उचलला नाही.

"का रे?" राजाने विचारले.

"काल मिरची जास्त झाली. आज नुसता बसतो."

दाणा पोटात गेला नाही म्हणून राघू विसरला नाही, आणि विसरला नाही म्हणून गोष्ट पहिल्यांदाच नाव-गावाच्या पुढे गेली. राजाने पंगत सांगितली, घोडा सांगितला, म्हातारी सांगितली. राघू म्हणाला, "लिंबाची फोड नेणारी म्हातारी? तिची बाग आमच्या रानात आहे. संध्याकाळी ती निळं पाणी पिते आणि एकटीच बडबडते. चला, दाखवतो."

राजा घोड्यावर बसून निघाला. बरोबर सैन्य नाही, सेवक नाही. रान लागले, डोंगर लागला, डोंगराच्या कुशीत बाग लागली. बागेत लिंबाचे झाड होते आणि झाडाखाली मेघांबा बसली होती. तिने राजाला लगेच ओळखले. जवळचे सारे त्याला विसरले, ही मात्र विसरली नव्हती. राजाला त्याचेच भरून आले.

"शाप काढा, माते," तो म्हणाला.

"तीन कामं कर, मग बघू. त्या वेलीवरची गोकर्णीची फुलं आण. माणसाचा आवाज ऐकला तर ती मिटतात आणि पुन्हा उमलत नाहीत."

राजा वेलीपाशी गेला. राघूने चोच पंखात खुपसली. वाटेत काट्याने राजाचा तळवा फाटला, गांधीलमाशी मानेला डसली, पण राजाच्या तोंडून हूं की चूं निघाले नाही. न बोलता दिवस काढायला तो कधीच शिकला होता. ओंजळभर निळी फुले घेऊन तो परतला.

"आता झऱ्याचं पाणी आण."

झऱ्यावर एक नाग वेटोळे घालून बसला होता. त्याने विचारले, "तुला नावाने हाक कोण मारतं?"

राजाने आठवून पाहिले. आई होती तेव्हा मारत असे.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"मग भर घागर. हे पाणी तुझ्यासारख्यांचंच आहे."

मेघांबेने घागर उतरवून घेतली, चूल पेटवली आणि म्हणाली, "आता माझ्याजवळ बसून हे प्यायला एक माणूस आण."

राजा उभाच राहिला. पहिली दोन कामे एकटेपणाने केली, पण हे काम एकटेपणाने कसे व्हावे? बोलवावे असे त्याला कोण होते?

"मी बसतो," शेवटी तो म्हणाला.

म्हातारीचा हात थांबला. "तुझ्यासोबत प्यायले, तर उठल्यावर मी तुला विसरेन. माझा शाप मलाही सोडत नाही."

"मग?"

"मग काय! ज्याला शाप दिला त्यालाच मी विसरले, की शाप सुटला." ती चुलीकडे पाहत राहिली. "सुटका सोपी होती रे. पण तुझ्यावरचा राग हीच मला सोबत. रोज संध्याकाळी हा चहा करते आणि तुला शिव्या घालते. तू डोक्यातून गेलास, तर मी कोणाशी बोलू?"

राजाला राग यायला हवा होता. त्याच्या उमेदीची सारी वर्षे एका म्हातारीच्या शिव्यांपायी गेली होती. पण त्याला तिची संध्याकाळ दिसली, आणि ती त्याच्या एकट्या ताटासारखीच दिसली.

"तुम्ही मला विसराल. मी तुम्हाला विसरणार नाही," तो म्हणाला. "मी येत जाईन. पुन्हा ओळख देईन. मला त्याची सवय आहे."

राघू म्हणाला, "मला नाही आठवत, पण खोटं बोलणारा वाटत नाही."

मेघांबेने चुलीत लाकूड सारले. मग तिने उकळत्या पाण्यात फुले टाकली. बघता बघता पाकळ्या फिक्या पडल्या आणि पाणी निळे झाले, नव्या लुगड्याच्या काठासारखे गर्द निळे. त्या राज्यात दूध होते, ताक होते, सर्दीपडशाला काढा होता, पण असले पेय राजाने कधी पाहिले नव्हते. तिने दोन वाट्या भरल्या आणि मध घातला. राजाने घोट घेतला.

"कसा आहे?"

राजा खोटे बोलला नाही. "कोवळ्या शेंगा उकडल्याचं पाणी लागतं. पण आत ऊब जाते."

"चवीचं कौतुक नाहीच. गंमत पुढे आहे." तिने झाडाचे एक लिंबू तोडले. "तुझ्या पंगतीतली फोड मी फेकली नाही. तिचं बी पेरलं. हे त्याचं झाड."

तिने लिंबू पिळले. निळ्या पाण्यात एक गुलाबी रेघ उतरली, पसरली, आणि सगळी वाटी जांभळी झाली.

"बघ, बघ!" म्हातारी लहान मुलीसारखी ओरडली. आणि मग तिच्या डोळ्यांना धार लागली. "इतकी वर्षं रोज हा रंग पालटतो रे. बघ म्हणायला कोणी नव्हतं."

"मी बघितलं," राजा म्हणाला.

म्हातारी हळूहळू पीत होती. एकेक घोट तोंडात घोळवत होती, मध्येच लहानपणच्या गोष्टी सांगत होती. राजाची वाटी केव्हाच संपली. ऊन कलले, त्याच्या पायांना मुंग्या आल्या, चूल विझली. बागेबाहेर बांधलेला त्याचा घोडा खिंकाळला, तरी राजा जागचा हलला नाही. शेवटचे पान जेवल्याशिवाय उठायचे नसते, हे त्याला आता कोणी सांगावे लागत नव्हते.

मेघांबेने तळाचा थेंब संपवला, वाटी पालथी घातली, आणि क्षणभर राजाकडे डोळे भरून पाहिले. मग ती उठली.

"कोण रे बाबा तू?" तिने विचारले. "आणि बसलायस कधीचा असा? पाय आखडले असतील."

"मी भद्रसेन. आपल्या पंगतीला होतो," राजा म्हणाला आणि तिच्या पाया पडला. आता रोज संध्याकाळी त्याची आठवण काढणारे जगात कोणी उरले नव्हते. निघताना तिने त्याच्या उपरण्यात दोन लिंबे आणि मूठभर गोकर्णीचे बी बांधून दिले. वाळवलेली फुलेही दिली. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, एवढे तिला आठवत होते.

राजवाड्यात आल्यावर राजाने स्वतः चूल फुंकली. कनकलेखेला निरोप पाठवला, ती आली आणि परक्या माणसासमोर बसावे तशी अंग चोरून बसली. गेलेली वर्षे शाप सुटला म्हणून परत येत नाहीत, ती तिच्या आठवणीतही आली नव्हती. राजाने निळा चहा पुढे ठेवला आणि लिंबू पिळले. रंग पालटला, तशी तिची नजर वर आली. "अगंबाई!" ती म्हणाली. एवढेच. दोघे प्यायले. दोघांच्या वाट्या रिकाम्या झाल्या.

मग राणी उठली.

राजाने डोळे मिटून घेतले. पैंजण दारापर्यंत गेले आणि थांबले. या जागी काय ऐकू येते, ते त्याला पाठ होते.

"भद्रसेन महाराज," राणी दारातून म्हणाली, "उद्या लिंबू जरा बेतानं पिळा. आज आंबट झाला होता."

राजाने होकाराची मान हलवली.